पालमचं ऊन आणि पाऊण मिलिमीटर पत्रा

मे महिन्यातल्या दुपारी दिल्लीत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पालमच्या काँक्रीटवर उभ्या असलेल्या विमानाच्या पत्र्याला तेव्हा हात लावायची सोय नसते. हेच विमान उडालं की तासाभराच्या आत पस्तीस हजार फुटांवर जातं, आणि तिथे बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास थंडी असते. म्हणजे जमीन ते आकाश एवढ्या एका खेपेत पत्र्याने जवळजवळ शंभर अंशांचा फरक सोसायचा, आणि आत बसलेल्या माणसाला मात्र त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. त्याला कोट न काढता जेवता यावं, शेजाऱ्याशी आवाज न चढवता बोलता यावं, आणि उतरताना कान दुखू नयेत.

सुरुवातीच्या जेट विमानांची गोष्ट बहुतेक जण वेगाची म्हणून सांगतात. वेग होताच. पण तो वेग प्रवाशाला सोसवेल अशा रीतीने देण्यासाठी जी यंत्रं आणि जे साहित्य विमानात घालावं लागलं, त्यांचं वजन कुठून काढायचं, हा खरा डोकेदुखीचा प्रश्न होता. विमानातला आराम किलोवर मोजला जातो. मऊ गादीपासून गार हवेपर्यंत सगळ्याचा हिशेब शेवटी काट्यावर होतो.

त्याआधी आराम म्हणजे काय होता, हे पाहायला फार लांब जायला नको. १९४९ च्या जानेवारीअखेर आपल्याकडे रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांहून विमानं निघत आणि मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परते. या विमानांतून माणसंही जात. डकोटा हे त्या काळचं आपलं घरचं विमान. त्याच्या आतली हवा आणि बाहेरची हवा एकच. दाब राखण्याची सोय नाही. त्यामुळे फार उंच जाता येत नसे. आठ-दहा हजार फुटांवरून, म्हणजे उन्हाळ्यात जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेच्या लोटांतूनच वाट काढावी लागे. दिवसाचा प्रवास म्हणजे पोटातलं सगळं ढवळून निघायचं. रात्री हवा निवलेली असे, तेवढंच बरं. दोन पंखे कानाशी घोंघावत असायचे, म्हणून कानात कापूस आणि तोंडात चघळायची गोळी. तक्रार कोणी फारशी करत नसे, कारण आगगाडीचा दिवसभराचा धुरळा प्रत्येकाला ठाऊक होता.

जेट इंजिनाला मात्र ही उंची चालत नाही. खालच्या दाट हवेत ते इंधन अक्षरशः पिऊन टाकतं. उंच, विरळ हवेतच त्याचा हिशेब जमतो. म्हणून जेटने प्रवासी न्यायचे तर पस्तीस-चाळीस हजार फुटांवर जाणं भाग. चाळीस हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक पंचमांशाहून कमी. उघड्यावरचा माणूस तिथे काही क्षणांत बेशुद्ध पडेल. मग उपाय एकच. विमानाच्या पोटात हवा दाबून भरायची आणि आतली ‘उंची’ आठ हजार फुटांच्या पुढे जाऊ द्यायची नाही. आठ हजार फूट म्हणजे कळसूबाईच्या माथ्याची साधारण दीडपट. तिथे धडधाकट माणसाला थोडा थकवा येईल, झोप येईल, पण त्रास होणार नाही.

ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीच्या कॉमेटने हे पहिल्यांदा प्रवासी जेटमध्ये करून दाखवलं. २ मे १९५२ रोजी ‘बीओएसी’ या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट लंडनहून जोहान्सबर्गला निघालं, आणि पैसे भरून जेटने जाण्याचं युग सुरू झालं. त्याच वर्षी ते भारतातही येऊ लागलं. आसनं फक्त ३६. पुढच्या छोट्या दालनात समोरासमोर बैठक आणि मध्ये टेबल. पंख्यांची थरथर नाही, म्हणून टेबलावर नाणं कडेवर उभं राहतं असं कौतुकाने सांगितलं जाई. आजच्या इकॉनॉमी वर्गात गुडघे आवळून बसणाऱ्याला हा थाट वाचून हेवा वाटेल. पण थाटामागचं गणित फार तंग होतं. पहिल्या कॉमेटची घोस्ट इंजिनं अशक्त, प्रत्येकाचा जोर पाच हजार पौंडांच्या घरात. एका दमात पल्ला सुमारे चोवीसशे किलोमीटरचा. म्हणून लंडनहून पूर्वेकडे निघालेलं विमान रोम, कैरो किंवा बैरूत, बहरीन, कराची असं टप्प्याटप्प्याने येई.

इंजिन अशक्त असलं की वजन कुठे कापायचं, तर अंगावरच्या कातडीत. कॉमेटच्या धडाचा अॅल्युमिनियमचा पत्रा बऱ्याच भागात ०.७१ मिलिमीटर जाडीचा होता. पाऊण मिलिमीटरही नाही! त्याच्या आतून बाहेर ढकलणारा दाब दर चौरस इंचाला सव्वाआठ पौंड. फूटभर लांब आणि फूटभर रुंद तुकड्यावर पाचशे किलोंहून जास्त भार झाला, आणि तो प्रत्येक उड्डाणात एकदा चढायचा, एकदा उतरायचा. पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या अनेक ठिकाणी रिव्हेट मारून न जोडता ‘रिडक्स’ नावाच्या डिंकाने चिकटवल्या होत्या. केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रॉइन यांच्या कंपनीने हा डिंक काढला होता. धातूला धातू चिकटवायचा म्हणजे भोकं नाहीत, रिव्हेटचं वजन नाही, आणि ताण एका बिंदूवर न येता पसरतो. ही कल्पना चांगलीच होती; आजही विमानांत धातू आणि तंतुमय साहित्य चिकटवून जोडतात. कॉमेटला डिंकाने दगा दिला नाही.

आता हवेकडे वळू, कारण दिल्लीच्या माणसाला तीच जवळची. जेट इंजिनाच्या पुढच्या भागात हवा दाबणारा कंप्रेसर असतोच. त्यातून थोडी हवा चोरायची आणि प्रवाशांकडे वळवायची, ही कॉमेटची युक्ती. पण हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, तोच हा प्रकार. ही हवा श्वासाला द्यायची तर आधी थंड करायला हवी. त्यासाठी तिला आधी जाळीदार पेटीतून नेतात, जिच्या अंगावरून बाहेरची हवा वाहत असते. मग छोट्या टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. पाती फिरवण्याचं काम करताना हवा प्रसरण पावते, तिची ऊर्जा खर्च होते आणि ती एकदम गार पडते. ना गॅस, ना मोठा कंप्रेसर. काम करून थकलेली हवाच गार होते, म्हणून यंत्र हलकं. आजच्या बहुतेक जेट विमानांत मूळ तत्त्व हेच आहे.

पावसाळ्यात दिल्लीहून किंवा मुंबईहून उडणाऱ्यांनी याचा पुरावा पाहिलेला असतो. दार बंद होतं, आणि डोक्यावरच्या फटींतून पांढरा धूर खाली उतरू लागतो. नवखा प्रवासी घाबरून हवाईसुंदरीकडे बघतो. तो धूर नसतो. गार हवेने आतल्या दमट हवेतल्या बाष्पाचं केलेलं धुकं असतं. उंचावर हेच उलटं होतं. बाहेरची हवा इतकी कोरडी की आतला दमटपणा वीस टक्क्यांच्याही खाली जातो, ओठ फुटतात, नाक सुकतं. पाण्याचा फवारा मारून हवा ओली करता येते. पण पाणी वाहायचं म्हणजे वजन, आणि ओलावा पत्र्याच्या आत गोठून गंज आणतो. म्हणून प्रवाशाचे ओठ फुटू देणंच स्वस्त ठरलं.

या सगळ्या रचनेत जमिनीवरच्या उन्हाचा विचार शेवटी झाला होता, असं म्हणायला हरकत नाही. इंजिन बंद असताना चोरायला हवा कुठून येणार? पालमवर थांबलेल्या सुरुवातीच्या जेटला स्वतःची गार हवा नसे. जमिनीवरच्या गाडीतून जाड नळी लावावी लागे. इंजिन बंद असताना वीज आणि हवा देणारं छोटं सहायक इंजिन प्रवासी जेटमध्ये आलं ते १९६० च्या दशकात, बोइंग ७२७ बरोबर. तोवर नळी काढल्यापासून विमान उडेपर्यंतचा वेळ घामाचा.

शिवाय ऊन दुसऱ्या बाजूनेही दंड वसूल करतं. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ. पालम समुद्रसपाटीपासून ७७७ फुटांवर, म्हणजे आणखी थोडी विरळ. पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी. मग विमान हलकं करा, नाहीतर धावपट्टी लांब करा, नाहीतर रात्री उडा. म्हणजे ज्या दुपारी प्रवाशाला गार करायला जड यंत्र हवं, त्याच दुपारी विमानाला वजन उचलणं सगळ्यात कठीण. लंडनच्या थंडाव्यात आखलेल्या विमानाची परीक्षा खऱ्या अर्थाने कराची, दिल्ली आणि कलकत्त्याच्या उन्हाळ्यात झाली.

कॉमेटच्या जोहान्सबर्गच्या पहिल्या उड्डाणाला बरोबर वर्ष झालं, त्या दिवशी, २ मे १९५३ ला, सिंगापूरहून लंडनला जाणारं कॉमेट दुपारी साडेचारच्या सुमाराला कलकत्त्याच्या डमडमहून उडालं. पुढचा थांबा पालम. सहा मिनिटांनी त्याच्याशी संपर्क तुटला. वैशाखातलं वादळ, बंगाली लोक ज्याला कालबैशाखी म्हणतात ते, त्या वेळी आकाशात होतं. विमानाचे तुकडे कलकत्त्यापासून काही मैलांवर सापडले. आतली ४३ माणसं गेली. भारताने नेमलेल्या चौकशीने निष्कर्ष काढला की वादळाच्या जबर झोतामुळे, किंवा त्या झोताशी झगडताना वैमानिकाकडून जास्त जोर लागल्यामुळे, विमानाचा सांगाडा मोडला. आणि अवशेषांची तपशीलवार तपासणी व्हावी, अशी शिफारस केली. मला या चौकशीचं मोल मोठं वाटतं. कॉमेट ही ब्रिटनची अभिमानाची वस्तू होती. तिच्या हाडांकडे पाहा, असं तेव्हा कागदावर लिहून देणारे फार नव्हते.

आठ महिन्यांनी, १० जानेवारी १९५४ रोजी, दुसरं कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं. उड्डाणं थांबवली, फेरफार केले, पुन्हा सुरू केली, आणि ८ एप्रिलला तिसरं नेपल्सजवळ समुद्रात गेलं. इथे वादळाची सबब नव्हती.

फार्नबरोच्या संशोधन संस्थेत आर्नल्ड हॉल यांनी मग जे केलं, ते अभियांत्रिकीच्या इतिहासातलं एक सुंदर काम आहे. एक आख्खं कॉमेट पाण्याच्या हौदात घातलं, पंख दोन्ही बाजूंनी बाहेर. विमानाच्या आत पाणी, बाहेर पाणी. आतला दाब वाढवायचा, उतरवायचा. पंखांना दट्ट्यांनी वाकवायचं, सोडायचं. एकेक आवर्तन म्हणजे एकेक उड्डाण. हवेऐवजी पाणी का? दाबलेली हवा फुटली तर बॉम्बसारखी उडते आणि पुरावा चिंध्या होतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे भेग पडली की पडली तिथेच थांबते. खरी उड्डाणं आणि हौदातली मिळून तीन हजारांच्या थोडं वर गेल्यावर धड फाटलं. सुरुवात धडात कापलेल्या खिडकीसारख्या उघडीच्या कोपऱ्यातून, रिव्हेटच्या भोकाजवळून. एल्बाच्या समुद्रतळातून काढलेल्या विमानातही छतावरच्या एका उघडीच्या कोपऱ्याशी तीच कथा होती. कोपऱ्यांवरचा ताण पत्र्याच्या अंतिम ताकदीच्या सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंत जात होता. कंपनीच्या हिशेबात तो बराच कमी होता.

यात एक विलक्षण गोम आहे. कंपनीने आधी चाचणी घेतली नव्हती असं नाही. चाचणीच्या धडाने सोळा हजारांहून जास्त आवर्तनं सोसली होती. पण त्याच धडावर आधी दुप्पट दाबाची चाचणी झाली होती. त्या जबर ताणाने कोपऱ्यांचा धातू किंचित ताणून बसला आणि पुढच्या हलक्या ताणांना तो उलट जास्त काळ टिकला. प्रवाशांना मिळालेल्या विमानांना हे ‘कसरत केलेले’ कोपरे नव्हते. नमुना इतका कडक तपासला की तो बाकीच्यांसारखा राहिलाच नाही.

एअर इंडिया इंटरनॅशनलनेही पुढच्या, मोठ्या कॉमेट-३ ची मागणी नोंदवली होती. ती विमानं आलीच नाहीत, आणि जे.आर.डी. टाटांना जेटसाठी आणखी काही वर्षं थांबावं लागलं. तेवढ्यात अमेरिकेत बोइंगने ७०७ तयार केलं. कॉमेटच्या दुःखातून जे शिकायचं ते बोइंग शिकलं होतं. पत्रा जाड. खिडक्या लहान, कोपरे गोलाकार, आणि संख्येने भरपूर. आतून पट्ट्यांची अशी वीण की भेग पडली तरी पुढच्या पट्टीशी अडावी. दाब भरलेल्या धडावर वरून पाती सोडून, ते फुटत नाही हे दाखवणारी एक चित्रफीतच कंपनीने काढली होती. विकणाऱ्याने आधी भीती घालवायची असते, हे त्यांना नेमकं कळलं.

खिडकी म्हटली तर पुढच्या वेळी नीट पाहा. एक काच दिसते, पण थर तीन असतात, आणि एकही काच नसते. सगळं अॅक्रिलिक प्लॅस्टिक, काचेच्या निम्म्या वजनाचं. बाहेरचा थर दाब सोसतो. मधल्याला खाली बारीक भोक असतं, त्यामुळे दाब बाहेरच्यावरच पडतो आणि मधला राखीव राहतो. आतला पातळ थर निव्वळ आपल्या कपाळाचं तेल आणि मुलांच्या नखांचे ओरखडे झेलायला.

७०७ च्या हवेची तऱ्हाही निराळी होती. इंजिनातली हवा थेट नाकात नको, तेलाचा वास येईल, या सावधगिरीने इंजिनाच्या हवेवर फक्त एक टर्बाइन फिरवायची आणि तिच्याकरवी बाहेरची ताजी हवा दाबून आत आणायची. त्यासाठीची वेगळी तोंडं इंजिनांच्या वर दिसत. जुने फोटो पाहताना ओळखायची ही सोपी खूण. वजन वाढलं, पण आता इंजिनांत दम होता. आतलं घर सजवायचं काम वॉल्टर डॉर्विन टीग यांच्या संस्थेकडे होतं. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पूर्ण आकाराची नकली केबिन उभारली, तिच्यात माणसं बसवून, जेवण वाढून, इंजिनांचे आवाज लावून खोटी उड्डाणं केली. भिंतींना धुता येतील असे प्लॅस्टिकचे पॅनेल, मागे काचतंतूंची गादी, जी उष्णताही अडवते आणि आवाजही. लाकूड आणि जड कापड हद्दपार.

या हलक्या प्लॅस्टिकची काळी बाजू उघडी पडायला वेळ लागला. १९७३ च्या जुलैत ब्राझीलच्या ‘वारिग’ कंपनीचं ७०७ पॅरिसजवळ शेतात उतरलं ते शौचालयातल्या आगीमुळे. विमान जमिनीवर आलं होतं. तरी १२३ माणसं दगावली, बहुतेक धुराने गुदमरून. आगीला दाद न देणारी आवरणं गाद्यांवर सक्तीची झाली १९८० च्या दशकात. हलकं, स्वस्त आणि धुवायला सोपं एवढ्या तीन कसोट्यांवर निवडलेल्या साहित्याला चौथी कसोटी माणसं गेल्यावर लागली.

२१ फेब्रुवारी १९६० रोजी एअर इंडियाच्या ताफ्यात पहिलं ७०७ दाखल झालं. त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, आणि जून १९६२ पर्यंत कंपनीकडे पंख्याचं एकही विमान उरलं नाही. एअर इंडियाच्या ७०७ ला रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिनं होती. थोडी हवा इंजिनाच्या गाभ्याला वळसा घालून बाहेरून न्यायची, ही बायपासची कल्पना प्रवासी सेवेत आणणारं हे पहिलं इंजिन. त्याने इंधन वाचलं आणि कर्कशपणाही थोडा उतरला.

पालमवर त्या काळी याच्या अगदी उलट्या विचाराचं विमानही दिसे. १९५८ मध्ये दिल्ली-मॉस्को सेवा सुरू झाली आणि सोव्हिएत कंपनी एरोफ्लोतचं तूपोलेव्ह-१०४ दिल्लीला येऊ लागलं. बॉम्बफेकी विमानावरून बेतलेलं हे जेट आतून मात्र जुन्या जमान्यातली बैठकीची खोली: महोगनी लाकूड, धातूची चकचकीत कडी, लेसचे पडदे. पाश्चात्त्य पत्रकार त्याला हसले. पण तिकिटाच्या पैशातून कंपनी चालवायची नसली की आराम जड असला तरी चालतो, हे त्या पडद्यांनी दाखवून दिलं.

देशांतर्गत मार्गांवर जेट आलं ते १९६४ मध्ये, इंडियन एअरलाइन्सच्या फ्रेंच कॅराव्हेलच्या रूपाने. दिल्ली-मुंबई दोन तासांच्या आत. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत होते, आणि मंत्रालयं, संसद, सरकारी कचेऱ्या यांच्यासाठी मुंबई-दिल्ली करणाऱ्या मराठी माणसांची संख्या काही कमी नव्हती. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं जमू लागलं. कॅराव्हेलचं नाक कॉमेटच्या आराखड्यावरून घेतलेलं. बाकी सगळं फ्रेंच डोकं. इंजिनं शेपटीला लावलेली, त्यामुळे पुढच्या रांगांना आवाज जवळजवळ नाहीच, आणि शेवटच्या रांगेला सगळा. खिडक्या त्रिकोणी, वर निमुळत्या, खाली रुंद, कोपरे गोल. माणूस विमानातून वर बघत नाही, खाली बघतो. मग वरची जागा कशाला कापायची? पत्र्यात भोक कमी, दृश्य तेवढंच. या गोष्टीतली मला सगळ्यात आवडणारी रचना हीच.

पुढे १९७१ मध्ये एअर इंडियाने ७४७ आणलं, तेव्हा ‘आकाशातला महाल’ म्हणून त्याची जाहिरात झाली. प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून राजस्थानी झरोक्याची कमान रंगवली. कमानी मोठ्या ऐसपैस. आतली खिडकी मात्र हाताच्या वितीएवढीच. पत्र्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं, रंगाला कोणाचीच हरकत नव्हती.